पाणी उशिरा पोहोचावे यासाठी निधी हवा

नाग नदीच्या प्रदूषण नियंत्रण प्रकल्पाची बातमी आली की नागपुरात एक प्रश्न हमखास ऐकू येतो: म्हणजे आता पूर येणार नाही ना? प्रकल्प सुमारे १,९२७ कोटींचा. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा २५ आणि मनपाचा १५. रक्कम मोठी आहे, गरजही खरी आहे. पण हा पैसा गडर लाइनचा, म्हणजे सांडपाण्याच्या नळांचा, आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांचा आहे. नाग नदीतली घाण कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जाते, ती थांबलीच पाहिजे. पावसाच्या पाण्याचा हिशेब मात्र वेगळा असतो आणि त्याचा निधीही वेगळा असतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात साधारण चार तासांत १०० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, माणसे दगावली. लगेच ‘ढगफुटी’ हा शब्द सुरू झाला. हवामान खात्याच्या व्याख्येत २० ते ३० चौरस किलोमीटर भागावर एका तासात १०० मिलीमीटर पाऊस पडला तर ती ढगफुटी. तेवढाच पाऊस चार तासांत पडला तर तो त्या व्याख्येत बसत नाही. हा शब्दच्छल नव्हे. ढगफुटी म्हटले, निसर्गाचा कोप म्हटले, की नाल्या कोणत्या आकड्यांवर बांधल्या हे कुणी विचारत नाही. मला त्या आकड्यांविषयीच बोलायचे आहे.

पावसाळी नालीचा आकार ठरवण्याची सर्वात रुळलेली रीत म्हणजे रॅशनल पद्धत. तिचा मूळ विचार १८५१ मध्ये मल्व्हनी या आयरिश अभियंत्याने मांडला आणि आजही ती जगभर वापरतात. सूत्र सोपे आहे. पावसाची तीव्रता (ताशी मिलीमीटर) गुणिले क्षेत्रफळ (हेक्टर) गुणिले अपधाव गुणांक, भागिले ३६०. उत्तर येते सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहील ते. अपधाव गुणांक म्हणजे पडलेल्या पावसापैकी किती हिस्सा वाहून जातो ते सांगणारी संख्या. हिरवळीसाठी ती ०.२ च्या आसपास, सिमेंट रोडसाठी ०.९ च्या आसपास.

या गुणांकाच्या बाबतीत नागपूर मोठे विलक्षण शहर आहे. दख्खनच्या बेसॉल्टची पूर्वेकडची कड इथे येते आणि शहराच्या पश्चिम भागात त्या खडकावर काळी माती आहे. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात. दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाण्याचे रेणू शिरले की पापुद्रे दूर सरकतात आणि माती फुगते. मे महिन्यात एखाद्या लेआउटमधला रिकामा प्लॉट पाहा. हाताचा पंजा सहज आत जाईल एवढ्या भेगा दिसतील. जूनचा पहिला पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो, रस्त्यावर थेंब येत नाही. महिनाभरात माती फुगते, भेगा मिटतात आणि मग तीच जमीन तासाला एक-दोन मिलीमीटर पाणीही जेमतेम मुरवते. म्हणजे एकाच प्लॉटचा गुणांक जूनमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये दुसराच. नाल्यांचा हिशेब करताना वापरतात त्या गुणांकांच्या तक्त्यात मात्र बारा महिने एकच आकडा.

आता हिशेब करू. एक चौरस किलोमीटरची वस्ती घ्या, म्हणजे १०० हेक्टर. मोकळे प्लॉट, मातीचे रस्ते, गुणांक ०.४, तीव्रता ताशी ५० मिलीमीटर. प्रवाह येतो सेकंदाला साधारण साडेपाच घनमीटर. त्याच वस्तीत सिमेंट रोड झाले, अंगणात फरशी आली. गुणांक ०.८५. पण बदल इथेच थांबत नाही. गुळगुळीत पृष्ठभागावरून पाणी वेगाने धावते, वस्तीच्या टोकाचे पाणी नालीच्या तोंडाशी चाळीसऐवजी पंधरा मिनिटांत पोहोचते. या कालावधीला संकेंद्रण काळ म्हणतात. तो कमी झाला की हिशेबात तेवढ्या छोट्या कालावधीचा पाऊस धरावा लागतो आणि छोट्या सरी नेहमीच जास्त तीव्र असतात. समजा ताशी ८० मिलीमीटर. प्रवाह जवळपास १९ घनमीटर! पाऊस तोच, ढग तेच, पाणी साडेतीन पट. हजारास एक असा उतार असलेला १.२ मीटर व्यासाचा सिमेंट पाइप सेकंदाला सव्वा घनमीटरच्या आसपास पाणी नेतो. आधी असे पाच पाइप पुरले असते, आता सोळा लागतील. व्यास दुप्पट केला तर क्षमता सहापटीहून जास्त वाढते हे खरे, पण मग ते सगळे पाणी एकाच वेळी नाग नदीत येऊन पडते आणि नदीचे पात्र काही रुंद होत नाही.

पाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे हा उपाय नागपुरात सरसकट चालत नाही. खड्डा काळ्या मातीतच संपला तर तो पावसाळाभर डबके होऊन राहतो, खालच्या मुरमापर्यंत गेला तरच पाणी मुरते. म्हणून या शहरात साठवण महत्त्वाची. १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद मैदान एक मीटर खोल केले की त्यात एक कोटी लिटर पाणी मावते. आपल्या एक चौरस किलोमीटरच्या वस्तीत अशी दोन मैदाने असतील तर २० मिलीमीटर पाऊस तिथे काही तास थांबतो आणि बारीक पाइपातून सावकाश बाहेर पडतो. उरलेले वर्षभर पोरांनी तिथे क्रिकेट खेळावे. काठोकाठ भरलेला तलाव हे काम करू शकत नाही, त्यात पुराला जागाच नसते.

निधीची रचना इथे आडवी येते. १५ व्या वित्त आयोगाने शहरी पुरासाठी सात महानगरांना २,५०० कोटी सुचवले. त्यात महाराष्ट्रातून मुंबई आणि पुणे होते, नागपूर नव्हते. शहरांच्या सोयींसाठी केंद्राने आणलेल्या २०१५ च्या अमृत योजनेत पावसाळी नाल्या हा स्वतंत्र घटक होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या अमृत २.० मध्ये भर आहे पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि जलाशयांच्या पुनरुज्जीवनावर. दहा लाखांवरच्या शहरांना केंद्राकडून खर्चाचा चौथा हिस्सा मिळतो, तोही २०, ४० आणि ४० टक्क्यांच्या तीन हप्त्यांत. मला हा बदल शास्त्राच्या दृष्टीने योग्य वाटतो, कारण तलाव म्हणजे साठवणच. पण पुनरुज्जीवन म्हणजे दगडी काठ, चालायचा ट्रॅक, दिवे आणि कारंजे असा अर्थ लावला जातो तेव्हा मन खट्टू होते. तलावाच्या डीपीआरमध्ये, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालात, पहिला आकडा हवा तो पूर सामावण्यासाठी किती घनमीटर जागा रिकामी राहील याचा, आणि ती ऑगस्टच्या शेवटी किती असेल याचा.

थांबलेल्या पाण्याचा दुसरा फायदा स्वच्छतेचा. पहिल्या सरीचे पाणी सर्वात घाण असते. रस्त्यावरचे तेल, टायरची भुकटी, धूळ, सगळे त्यात येते. ते काही तास स्थिर राहिले की जड कण तळाशी बसतात आणि नदीत तेवढी घाण कमी जाते.

मात्र हा गाळ कुणीतरी उपसावा लागतो. अनुदान बहुतेक बांधकामासाठी मिळते, देखभालीसाठी नाही. पानठेल्यासमोरच्या चेंबरची जाळी पाहा: खर्र्याच्या पन्न्या एकावर एक चिकटून तिची निम्मी भोके बुजलेली असतात. खालचा पाइप कितीही कोटींचा असो, पाणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. जाळ्यांची सफाई आणि मैदानातला गाळ काढणे ही दोन्ही कामे मनपाच्या स्वनिधीतून, दर वर्षी मे महिन्यात व्हायला हवीत. नगरसेवकाला विचारायचे ते याच तरतुदीबद्दल.