त्रेपन्नातला रिसीव्हर आणि प्रॅक्टिस स्क्वॉडवरचा रिसीव्हर

ऑगस्ट संपत आला की एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, ३२ संघ आपली खेळाडूसंख्या ९० वरून ५३ वर आणतात. 'अमुक वाइड रिसीव्हरला वगळलं' ही बातमी वाचून हळहळावं, तर दुसऱ्या दिवशी तोच पठ्ठ्या त्याच संघाच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावासाठी ठेवलेल्या राखीव तुकडीत, हजर! मग हा संघात आहे की नाही? क्रिकेटवर पोसलेली आपली नजर त्याला बाराव्या खेळाडूच्या जागी बसवते आणि तिथेच घोटाळा होतो. बारावा खेळाडू संघाचाच असतो. प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या माणसाला दुसरा संघ मोसमाच्या मध्यावरही उचलून नेऊ शकतो.

चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे लांब पास झेलायला धावणारा तो वाइड रिसीव्हर. सराव शिबिरात असे दहा-बारा जण असतात आणि ५३ जणांत जागा मिळते साधारण पाच किंवा सहा जणांना. पहिले तीन-चार कोण, हे बहुधा आधीच ठरलेलं असतं. ज्याला कोट्यवधी डॉलर दिलेत किंवा ज्याच्यावर ड्राफ्टची (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांची) वरची निवड खर्च केली आहे, त्याला एका वाईट शिबिरामुळे कोणी घरी पाठवत नाही. खरी झुंज पाचव्या-सहाव्या जागेची. तिथे झेल किती सुंदर घेतो यापेक्षा पंट (ताबा सोडताना चेंडू लाथेने दूर मारणं) झाल्यावर पन्नास यार्ड धावत जाऊन समोरच्याला पाडतो का, किक परत आणतो का, हे जास्त बघितलं जातं. सराव सामन्यातल्या एका नेत्रदीपक झेलाची क्लिप बघून 'याला कसं काढलं?' म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं.

मिनेसोटा वायकिंग्जकडून खेळलेला रिसीव्हर अ‍ॅडम थीलन दोन्ही बाजूंना राहून आला. ड्राफ्टमध्ये कोणी निवडला नाही, २०१३ मध्ये चाचणी देऊन आत शिरला आणि तो अख्खा मोसम प्रॅक्टिस स्क्वॉडवर काढला. २०१४ मध्ये त्रेपन्नात आला तो स्पेशल टीम्समधल्या, म्हणजे अशा किक-पंटच्या वेळच्या, कामावर. त्या वर्षी कॅरोलायनाविरुद्ध त्याने पंट अडवला आणि चेंडू घेऊन थेट समोरच्याच्या गोलरेषेपार जाऊन टचडाउन केला. २०१८ मध्ये मात्र याच माणसाने मोसमाच्या पहिल्या आठही सामन्यांत पास झेलून शंभर किंवा जास्त यार्ड मिळवले.

पैशांतली दरी मोठी आहे. २०२४ मध्ये त्रेपन्नातल्या नवख्याचं किमान वेतन ७,९५,००० डॉलर होतं. प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या नवख्याला आठवड्याला १२,५०० डॉलर, म्हणजे अठराही आठवडे टिकला तर सव्वादोन लाख. काम मात्र हलकं नाही. पुढच्या रविवारी समोर येणाऱ्या संघाच्या रिसीव्हरचे मार्ग घोकायचे आणि सरावात त्याची नक्कल करत आपल्याच बचावफळीला तयार करायचं.

पण माझ्या मते पैशांपेक्षाही महत्त्वाचा फरक ताब्याचा आहे. त्रेपन्नातला खेळाडू कराराने संघाला बांधलेला असतो, इतरांना त्याला हात लावता येत नाही. प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्याला कोणताही दुसरा संघ आपल्या ५३ जणांत घेऊ शकतो. अट एवढीच की निदान तीन आठवड्यांचा पगार द्यावा लागतो. मूळ संघाला दर आठवड्याला चार जणांना संरक्षण देता येतं, बाकीचे उघडे. रिसीव्हर डॅनी अ‍ॅमेंडोला २००९ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर होता; सेंट लुइस रॅम्सने त्याला उचललं. पुढे पेट्रियट्सकडून त्याने दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले.

त्रेपन्नातून प्रॅक्टिस स्क्वॉडवर सरळ उतरताही येत नाही. चारपेक्षा कमी मोसम झालेल्या खेळाडूला वगळलं की तो आधी वेव्हर्सवर जातो. बाकीच्या संघांपैकी कोणी त्याच्यावर दावा केला तर त्याला तिकडे जावंच लागतं. ऑगस्टअखेरीस या दाव्यांत आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघांना आधी संधी मिळते. कोणीच दावा केला नाही तर मात्र तो मोकळा, मग जुना संघ त्याला प्रॅक्टिस स्क्वॉडवर बोलावू शकतो. अनुभवी खेळाडूला त्या वेळी वेव्हर्सचा फेरा नसतो, त्यामुळे 'आज सोडतो, उद्या परत ये' असं तोंडी ठरवून त्याला सोडता येतं. म्हणूनच सहावी जागा कधीकधी सहाव्या क्रमांकाच्या रिसीव्हरला मिळत नाही. ज्याला वगळलं तर दुसरा संघ हमखास उचलेल, अशा पोराला ठेवलं जातं आणि त्याच्यापेक्षा सरस असलेला तिशीतला गडी दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस स्क्वॉडवर सही करतो. २०२० पासून तिथल्या १६ जागांपैकी सहांवर कितीही अनुभवी खेळाडू चालतो, तेव्हापासून हा डाव फारच सोपा झाला आहे.

त्रेपन्नात नाव लागलं म्हणजे रविवारी मैदानात उतरणार, असंही नाही. सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ जणच खेळू शकतात आणि कात्री लागणाऱ्यांत पाचवा-सहावा रिसीव्हर अनेकदा असतो. त्याच दिवशी प्रॅक्टिस स्क्वॉडवरून दोघांना वर आणता येतं. म्हणजे त्रेपन्नातला एक रिसीव्हर साध्या कपड्यांत कडेला उभा आणि 'वगळलेला' दुसरा हेल्मेट घालून मैदानात, हे दृश्य अजिबात दुर्मीळ नाही. कडेला उभा असलेल्याला त्या आठवड्याचा पूर्ण पगार मिळतो. वर आणलेल्यालाही तेवढ्या आठवड्यापुरता त्रेपन्नातल्या किमान दराने. मात्र नियमित मोसमात एकाच खेळाडूला असं तीनदाच वर आणता येतं. चौथ्यांदा तो हवा असेल तर त्रेपन्नातच घ्यावा लागतो आणि जागा रिकामी नसेल तर आधी दुसऱ्या कुणाला तरी काढावं लागतं.