तेल पुसताना चिरा झिजतो

ऑक्टोबर २०१९मध्ये 'नू शी नलिनी' हे बिनखलाशांचं जहाज मुरगावहून वाहवत आलं आणि दोनापावलला राजभवनाखालच्या खडकांत रुतलं. पोटात २,००० टनांहून अधिक नाफ्ता, म्हणजे पेट्रोलसारखं हलकं, ज्वलनशील तेल. वर काबोचं टोक, म्हणजे पोर्तुगीज किल्ल्याची जागा, जुनं चॅपेल, जवळच इंग्रजांची दफनभूमी. नाफ्ता सांडला तरी बराचसा उडून जातो, भीती आगीची. जड तेल उडत नाही, ते खरवडावं लागतं, आणि जुन्या वास्तूंना खरी इजा तिथेच होते.

हा धडा जगाला अलास्कात मिळाला. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन वाल्डेझ' हे तेलवाहू जहाज फुटलं, सुमारे १.१ कोटी गॅलन कच्चं तेल सांडलं. एरवी माणूस न फिरकणाऱ्या किनाऱ्यांवर गरम पाण्याचे जोरदार फवारे घेऊन हजारो कामगार उतरले. तिथे मूळ रहिवाशांच्या प्राचीन वस्त्यांचे अवशेष होते. तेलापेक्षा सफाईच्या वर्दळीचा आणि काहींच्या चोरटेपणाचाच त्यांना जास्त त्रास झाला. मग सफाईच्या टोळीच्या आधी पुरातत्त्वज्ञ पाठवायची पद्धत रुळली. १९९७मध्ये अमेरिकेतल्या केंद्रीय खात्यांनी करारच केला: ठिकाणं आधीच हेरून ठेवायची आणि सफाईप्रमुखाजवळ वारशाचा जाणकार असायचा. जीव वाचवणं अर्थात पहिलं.

आपल्याकडे तेलगळतीची राष्ट्रीय योजना १९९६ची, ती तटरक्षक दलाकडे. स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८चा, गोव्याचा १९७८चा, ते पुरातत्त्व खात्यांकडे. २०१०च्या दुरुस्तीनं केंद्रीय स्मारकाभोवती १०० मीटरांत बांधकामाची बंदी कायद्यातच आली. पण सफाईला आलेला जेसीबी बांधकाम थोडंच करतो!

आणि आपला दगड जांभा. खाणीतून निघतो तेव्हा चिरा मऊ असतो, हवा लागून कडक होतो. त्याच्या छिद्रांत तेल शिरतं. पावसाळ्याआधी किनाऱ्यांवर येतात तसला तेलगोळा चिऱ्याला चिकटला आणि कुणी तारेचा ब्रश मारला, तर डागासोबत वरची कडक साल जाते. आत लालसर भुसभुशीत माती. ती पुढच्या पावसात धुपते, आणि चुन्याचे सांधे तेवढे पुढे आलेले दिसतात.

सन २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज आग्वाद किल्ल्याच्या नजरेच्या टप्प्यात रुतलं ते दहा वर्षांहून जास्त काळ हललं नाही. तिथून जवळच, सिकेरीला, किल्ल्याचा बुरूज थेट लाटांत उभा आहे. तेल आलं तर पहिलं त्यालाच लागेल.