मागे जड गाडी जॅकवर घेताना

हॅचबॅकच्या मागच्या पॉइंटला, म्हणजे जॅकसाठी ठरवून दिलेल्या जागेला, जॅक लावला की मागचं चाक उठतं, पुढचं जमिनीवर राहतं. पोर्शे केमन किंवा बॉक्स्टर या सीटमागे इंजिन असलेल्या स्पोर्ट्स कार. त्यांच्या मागच्या पॉइंटला तोच जॅक लावा. थोडं वर गेल्यावर त्या बाजूचं पुढचं चाकही जमीन सोडतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं गाडी घसरली. घसरलेली नसते, वजन कुठे आहे तेवढंच गाडी दाखवत असते.

एका कोपऱ्यात जॅक लावलेली गाडी खरं तर तीन टेकूंवर उभी असते. जॅकपासून तिरप्या समोरच्या चाकापर्यंत जमिनीवर एक रेषा आखा. गुरुत्वमध्य या रेषेच्या ज्या बाजूला असेल, त्या बाजूचं पलीकडचं चाक तिसरा टेकू होतं, आणि उरलेलं चाक हलकं पडतं. केमन-बॉक्स्टरच्या 718 पिढीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, 2475 मिमी आहे. हिशेबापुरतं वजन 1400 किलो आणि पुढे-मागे वाटणी 45:55 धरली, तर गुरुत्वमध्य पुढच्या ॲक्सलपासून साधारण 1360 मिमीवर येतो. उजव्या मागच्या पॉइंटला जॅक असेल तर हा बिंदू त्या रेषेच्या बराच मागे, सुमारे फूटभर, पडतो. म्हणून डावी दोन्ही चाकं जमीन धरून राहतात, उजवी दोन्ही उठतात, आणि गाडी स्थिर असते. पुढच्या पॉइंटला जॅक लावला तर मात्र गुरुत्वमध्य जवळजवळ रेषेवरच येतो, आणि गाडी इकडून तिकडे डोलू शकते. म्हणून अशा गाडीची सुरुवात मागच्या पॉइंटपासून करावी.

संपूर्ण बाजू उचलली जाते म्हणजे एका जॅकवर 700 किलोच्या आसपास भार येतो, तोही तळहाताएवढ्या जागेवर. पॉइंट चुकून शेजारच्या पट्टीवर जॅक बसला तर पत्रा दुमडतो. इंजिनचा ऑइल सम्प (तळाची तेलाची टाकी), गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं आवरण आणि खालची प्लॅस्टिकची झाकणं यांना जॅक कधीच लावू नका. या गाड्यांचे रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटमागे असतं, त्यामुळे कूलंटचे पाइप फ्लोअरखालून लांबवर गेलेले असतात. तेही सांभाळायचे.

आता जमीन. नागपूरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे घरापुढचे पेव्हर ब्लॉक वर्ष-दोन वर्षांत खालीवर होतात, आणि पोर्चमधली फरशी खालून पोकळ झाली तर वरून कळतही नाही. हातोडीने ठोकून पाहा, बद्द आवाज आला तर ती जागा सोडा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की डांबरी रस्ता मऊ पडतो आणि घोडीचे (उचललेली गाडी टेकवायच्या जॅक स्टँडचे) पाय त्यात हळूहळू रुततात, एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त. प्रत्येक घोडीखाली 18 मिमी प्लायवूडचा फूटभर चौकोन ठेवा. पार्किंगचा उतार असेल तर तिथे हे काम नकोच.

ट्रॉली जॅकचा हात वर जाताना गोलाईत फिरतो, म्हणून जॅकची टोपी वर जाता जाता आडवीही सरकते. ते अंतर भरून काढायला जॅकने स्वतः घरंगळायला हवं. पेव्हरच्या फटीत त्याची लोखंडी चाकं अडकली की टोपी गाडीखाली घासत जाते किंवा अख्खी गाडी ओढते. जॅकखाली सलग, जाड प्लाय टाका आणि त्यावर तो सरकतोय ना ते प्रत्येक दोन-तीन पंपांनी पाहा. टोपीवर रबरी पॅड हवाच. गाडी इतकी खाली असते की कित्येक जॅक आतच जात नाहीत. तेव्हा आधी चारही चाकं 40 मिमीच्या रुंद फळ्यांवर चढवून घ्या.

हँडब्रेकवर विसंबू नका. साध्या हॅचबॅकमध्ये गिअर पुढची चाकं धरतो आणि हँडब्रेक मागची. मधल्या इंजिनाच्या, फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ही दोन्ही कुलपं एकाच दाराला असतात. मागची चाकं हवेत गेली की दोन्ही निकामी. मागचं एकच चाक उचललं तरी साध्या डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते हवेत फिरतं आणि जमिनीवरचं चाक गिअरमध्ये असूनही सरकू शकतं. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके घट्ट लावायचे. चाकांचे बोल्ट गाडी खाली असतानाच पाव फेरा सैल करून घ्यायचे. लांब पान्याचा झटका घोडीवरच्या गाडीला आडवा ढकलतो.

पुढचा भाग वर ठेवायचा असेल तर मागच्या पॉइंटला जॅक लावून बाजू उचला, पुढच्या पॉइंटखाली घोडी सरकवा आणि जॅक हळू सोडा. मग दुसरी बाजू. एका वेळी 100 मिमीपेक्षा जास्त नको. दीड मीटर रुंदीवर एकच बाजू 300 मिमी उचलली तर गाडी सुमारे 11 अंश कलते आणि पहिल्या घोडीवर तिरका भार येतो. मागच्या घोड्यांचा प्रश्न असा की पॉइंट जॅकनेच अडवलेला असतो. त्यासाठी जॅक आणि घोडी दोन्ही एकाच जागी बसतील असा पिनचा ॲडॅप्टर मिळतो. नाहीतर मॅन्युअलमध्ये दाखवलेली सबफ्रेमची (बॉडीखालच्या मजबूत चौकटीची) जागा वापरायची. घोडीवर लिहिलेले टन एकीचे की जोडीचे, ते वाचून घ्या. गाडीखाली जाण्याआधी ती हाताने जोरात हलवून पाहा, आणि काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी दबेल याचा नेम नसतो, त्यामुळे नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नये.

सगळ्यात फसवा प्रसंग इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर येतो. दोन्ही मिळून 250 किलो धरले, तर गुरुत्वमध्य 20 सेंमी पुढे सरकून व्हीलबेसच्या मध्याच्याही पुढे जातो. मागे जड असलेली गाडी आता पुढे जड झालेली असते. पुढच्या पॉइंटला जॅक लावला तर आता मागचं चाकही उठतं, आणि आधी पाठ झालेला हिशेब उलटा पडतो. इंजिन काढण्याआधीच चारही घोड्या पक्क्या बसवून घ्या, आणि ते परत बसेपर्यंत गाडीला कुठल्याच बाजूने जॅक लावू नका.