नातू कायद्याने ‘मूल’ की ‘नातेवाईक’?

अमेरिकेत कायमचे स्थायिक झालेल्या मराठी आजी-आजोबांकडून टॅक्स रिटर्न भरण्याच्या दिवसांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: नातवाचा खर्च आम्ही करतो, मग त्याला आमच्या रिटर्नमध्ये डिपेंडंट (आमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) म्हणून दाखवता येईल का? जो पोसतो त्याचा हक्क, हे गृहीत या प्रश्नातच दडलेले आहे. आपल्या घरांत ते स्वाभाविकही आहे. पण अमेरिकेचा करकायदा लहान मुलाच्या बाबतीत पैशांचा हिशेब आधी मागत नाही. मूल वर्षभर कोणाच्या घरी राहिले, हे तो आधी विचारतो.

तिथल्या अंतर्गत महसूल संहितेच्या कलम १५२ नुसार डिपेंडंट दोन प्रकारचे असतात. एकाला ‘क्वालिफाइंग चाइल्ड’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘क्वालिफाइंग रिलेटिव्ह’. ‘चाइल्ड’ म्हणजे पोटचे मूल आणि ‘रिलेटिव्ह’ म्हणजे नातवंडांसह बाकीचे सगळे, असा समज या नावांमुळे सहज होतो आणि तो साफ चुकीचा आहे. नातवंड, पतवंड, धाकटा भाऊ किंवा बहीण आणि भाचे-पुतणेही ‘क्वालिफाइंग चाइल्ड’ ठरू शकतात. उलट, स्वतःचा तिशीतला बेकार मुलगा एरवी फक्त ‘क्वालिफाइंग रिलेटिव्ह’ होऊ शकतो. तेव्हा नातू कोणत्या प्रकारात मोडतो हे नात्यावरून ठरत नाही. ते वय, राहण्याचे ठिकाण आणि पैसा यांवरून ठरते.

पहिल्या प्रकारासाठी नातू वर्षअखेरीस १९ वर्षांपेक्षा लहान असावा लागतो. तो वर्षातील किमान पाच महिने पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर ही मर्यादा २४ पर्यंत जाते आणि कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर वयाची अट उरतच नाही. दुसरी अट अशी की तो अर्ध्यापेक्षा जास्त वर्ष आजी-आजोबांच्याच घरी राहिलेला असावा. शिक्षण, आजारपण किंवा सुट्टी यांसाठीची तात्पुरती अनुपस्थिती घरी राहिल्यासारखीच धरली जाते, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने पुण्याला मावशीकडे पाठवलेल्या नातवाचे ते दिवस वजा होत नाहीत. वर्षाच्या मध्येच जन्मलेल्या बाळासाठी त्याच्या जन्मापासूनच्या काळाचा हिशेब होतो.

दुसऱ्या प्रकारात वयाची अटच नाही आणि नातवंडासाठी एकत्र राहण्याचीही नाही. नातू दुसऱ्या राज्यात खोली घेऊन राहत असला तरी चालते. त्याऐवजी पैशांच्या दोन अटी येतात. त्याचे त्या वर्षातील करपात्र स्वरूपाचे एकूण उत्पन्न ठरावीक रकमेपेक्षा कमी हवे; ही रक्कम २०२४ साठी ५,०५० डॉलर आणि २०२५ साठी ५,२०० डॉलर होती. शिवाय त्याच्या एकूण निर्वाहखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग आजी-आजोबांनी स्वतः उचललेला हवा.

खरी गल्लत या निर्वाहखर्चाच्या अटीवर होते, कारण ती दोन्ही प्रकारांत आहे आणि दोन्हीकडे तिचा रोख वेगळा आहे. दुसऱ्या प्रकारात विचारले जाते: तुम्ही निम्म्याहून जास्त खर्च केला का? पहिल्या प्रकारात एवढेच विचारले जाते: मुलाने स्वतःच्या पैशांतून स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च भागवला का? सहा वर्षांच्या नातवाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते, मग त्याचा खर्च आईने केलेला असो, बापाने धाडलेल्या पैशांतून झालेला असो किंवा आजोबांनी केलेला असो. म्हणजे घरात राहणाऱ्या लहान नातवासाठी वाणसामानाच्या आणि शाळेच्या पावत्या जपून ठेवणारे आजोबा नको तिथे कष्ट करत असतात. त्यांच्या उपयोगाचे असते ते शाळेचे किंवा डॉक्टरांचे असे पत्र, ज्यावर मुलाचा पत्ता त्यांच्याच घराचा आहे. पावत्यांची गरज पडते ती २५ वर्षांच्या, दूर राहून शिकणाऱ्या नातवासाठी, आणि तिथे भाडे, जेवण, फी, औषधपाणी या सगळ्यांची बेरीज करून आपला वाटा सिद्ध करावा लागतो.

आता सर्वांत जास्त गैरसमजाचे उदाहरण घेऊ. दहा वर्षांची नात आई-वडिलांबरोबर टेक्ससमध्ये राहते, आजी-आजोबा न्यू जर्सीत राहतात आणि तिच्या महागड्या शाळेची फी, कपडे, शिकवण्या हे सगळे तेच भरतात. ती त्यांच्या घरी राहत नाही, त्यामुळे पहिला प्रकार बंद होतो. मग आजोबा म्हणतात, दुसऱ्या प्रकारात एकत्र राहण्याची अट नाही आणि निम्म्याहून जास्त खर्च तर मीच केला! पण दुसऱ्या प्रकाराची पहिलीच अट अशी आहे की ती व्यक्ती कोणाचीही ‘क्वालिफाइंग चाइल्ड’ असता कामा नये, आणि ही नात आपल्या आई-वडिलांची ‘क्वालिफाइंग चाइल्ड’ आहे. आई-वडिलांनी तिला आपल्या रिटर्नमध्ये दाखवले नाही तरी फरक पडत नाही. आई-वडिलांना रिटर्न भरणे बंधनकारकच नसेल आणि त्यांनी ते भरलेच नसेल, किंवा कापून घेतलेला कर परत मिळवण्यापुरतेच भरलेले असेल, तर मात्र हे दार उघडते.

पहिल्या प्रकारातही आई-वडील पुढे असतातच. लेक नातवासह माहेरी राहते, तिची मिळकत थोडी आहे, अशा घरात तो मुलगा आई आणि आजी-आजोबा या सगळ्यांचा ‘क्वालिफाइंग चाइल्ड’ ठरू शकतो. मात्र एका वर्षी त्याला एकाच रिटर्नमध्ये दाखवता येते. दोघांनीही दाखवले तर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचे करखाते, आईच्या बाजूने निकाल देते. आईने दाखवायचे नाही असे ठरवले तरी आजोबांचे ‘अॅडजस्टेड ग्रॉस इन्कम’ (ठरावीक वजावटींनंतरचे एकूण उत्पन्न) तिच्यापेक्षा जास्त असेल तरच त्यांना तो हक्क मिळतो. शिवाय मुलाची कर-सवलत आजोबांना आणि ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’चा (घर चालवणाऱ्या एकट्या करदात्याचा, कमी कराचा) दर्जा आईला, अशी वाटणी या दोन पिढ्यांना करता येत नाही, त्या मुलामुळे मिळणारे लाभ ज्याने दाखवले त्याच्याकडे एकत्र जातात. म्हणून दोन्ही रिटर्नचे गणित एकाच बैठकीत मांडून पाहणे शहाणपणाचे असते, आणि माझ्या मते ते मार्चच्या आत व्हावे. रिटर्न भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या, १५ एप्रिलच्या आदल्या रात्री बाप-लेकीने असे विषय काढू नयेत.

फायद्यातही दोन प्रकारांत मोठे अंतर आहे. २०१८ पासून प्रत्येक डिपेंडंटमागे उत्पन्नातून होणारी जुनी वजावट शून्य झालेली आहे, त्यामुळे आता सगळी मदार थेट करातून वजा होणाऱ्या सवलतींवर आहे. ‘क्वालिफाइंग चाइल्ड’ असलेला नातू १७ वर्षांपेक्षा लहान असेल आणि त्याच्याकडे नोकरीसाठी वैध असा सोशल सिक्युरिटी क्रमांक असेल तर २०२५ साठी २,२०० डॉलरपर्यंत ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ मिळू शकते, आणि कर तितका नसला तरी त्यातील काही भाग परताव्याच्या रूपाने हाती येऊ शकतो. ‘क्वालिफाइंग रिलेटिव्ह’साठी ५०० डॉलरची सवलत आहे आणि ती फक्त कर कमी करते, परतावा देत नाही.

दोन्ही प्रकारांना एक समान अट आहे ती नागरिकत्वाची आणि वास्तव्याची. नातवंड अमेरिकेचे नागरिक किंवा कराच्या दृष्टीने रहिवासी असावे लागते. कॅनडा आणि मेक्सिकोच्या रहिवाशांना सूट आहे, भारतातील रहिवाशांना नाही. त्यामुळे नाशिकला राहणाऱ्या भारतीय नातीला दरमहा कितीही पैसे पाठवले तरी तिला दाखवता येत नाही. अमेरिकेत जन्मलेला, पण आई-वडिलांबरोबर नाशिकला परतलेला नातू नागरिक म्हणून या अटीतून पार पडतो. त्याच्या आई-वडिलांवर अमेरिकेत रिटर्न भरण्याची जबाबदारी नसेल, त्यांनी ते भरलेही नसेल आणि अमेरिकेतील आजोबा त्याचा निम्म्याहून जास्त खर्च खरोखरच करत असतील, तर तो ‘क्वालिफाइंग रिलेटिव्ह’ होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र नातवाची कागदपत्रे काढण्याआधीच पाहावी. जे स्वतः दुसऱ्याचे डिपेंडंट ठरतात, त्यांना कोणालाही डिपेंडंट दाखवता येत नाही. मुलाकडे राहणाऱ्या आणि फारसे उत्पन्न नसलेल्या ग्रीन कार्डधारक आजी-आजोबांना मुलगा बहुधा स्वतःचे ‘क्वालिफाइंग रिलेटिव्ह’ म्हणून दाखवतो, आणि मग नातवाचा प्रश्न तिथेच निकाली निघतो. भारतातील घरभाडे आणि मुदत ठेवींचे व्याज मिळून आजोबांचे उत्पन्न त्या वर्षीच्या उत्पन्नमर्यादेच्या पुढे गेले, तर मुलगा त्यांना दाखवू शकत नाही. पण हे उत्पन्न अमेरिकेत जाहीर करावे लागते, हे अनेक घरांत मुलाला आणि वडिलांना त्याच वेळी पहिल्यांदा कळते.