खडपातली डबकी आणि स्नॉर्केलिंग

ओहोटीला समुद्र मागे सरला की खडपाच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्याच्या, खाचाखळग्यांत पाणी साचून राहतं, त्यात अडकलेले जीव पुढच्या भरतीपर्यंत उकिडवं बसून बघायचे, याला आता रॉकपूलिंग म्हणतात. नाव नवीन, बाकी कोकणात कालवं फोडायला जाणाऱ्या बायकांना ही डबकी परसासारखी पाठ असतात.

सगळा खेळ तिथीचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा जुना हिशोब अंदाजापुरता आजही चालतो, म्हणजे द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, तर ओहोटी सकाळी साडेसात-पावणेआठला. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी पार खाली जातं, तेव्हाच जावं, अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी फारसं उतरत नाही, आणि खेप फुकट जाते. पाणी उतरत असतानाच त्याच्या मागोमाग खाली जायचं, ते फिरलं की आपणही फिरायचं. स्लीपर घालून जाऊ नका, शेवाळावर घसरतात आणि कालवांची धार ब्लेडसारखी लागते.

वरच्या कोरड्या खडकावर बार्नेकल, म्हणजे खडकाला चिकटलेले बारके कवचवाले जीव, आणि बारके शंख, त्यात फार वेळ घालवू नये. खरी मजा खालच्या डबक्यांत. वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चिकटलेला एक लिबलिबीत गोळा दिसतो, कुणीतरी थुंकल्यासारखा, पण तोच पाण्याखाली असला की पाकळ्या पसरून डोलत असतो, ते समुद्रफूल, पाकळ्या म्हणजे त्याच्या डंख मारणाऱ्या सोंडा. एखादा शंख तुरुतुरु चालायला लागला तर आत खेकडा आहे समजा, रिकामा शंख हेच त्याचं घर, म्हणून शंख खिशात घालू नयेत. कोन शंख तर दिसायला सुंदर पण विषारी, त्याला हातच लावू नये. आणि फोटोसाठी तारामासा पाण्याबाहेर काढणाऱ्यांना काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

डबक्यात जे वाकून बघायचं तेच स्नॉर्केलिंगला, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून, तरंगत बघायचं. त्यासाठी मालवण, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, क्षेत्र २९.१२ चौ. किमी. तिथे प्रवाळ आणि पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मासे दिसतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, त्यावर पाय टेकून उभं राहायचं नाही, दमलात तर लाइफ जॅकेटवर पाठ टाकून पडा. पावसाळ्यात सगळं बंद, आणि एरवीही पाणी गढूळ असेल तर होडीवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून विचारलेलं बरं.