दोन विभागांतली माणसे : मध्ययुगीन अभ्यासकेंद्रांची पार्श्वभूमी

विद्यापीठातील मध्ययुगीन अभ्यासकेंद्राची, म्हणजे युरोपच्या मध्ययुगाचा अभ्यास करणाऱ्या केंद्राची, अध्यापकसूची पाहिली, तर बहुतेक नावांपुढे इतिहास, इंग्रजी, तत्त्वज्ञान, कलेतिहास अशा दुसऱ्याच विभागांचा उल्लेख आढळतो. मूळ नेमणूक त्या विभागात, पगार आणि बढतीही तिथूनच. केंद्राच्या वाट्याला येतात ते एक संचालक, एक-दोन कर्मचारी आणि बाकीच्यांचा उसना वेळ. ही व्यवस्था निव्वळ काटकसरीतून आली असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल.

मूळ कारण इतिहासाच्या साधनांत, म्हणजे जुन्या हस्तलिखितांत आहे. लॅटिन हस्तलिखितांचे लेखनिक जागा वाचवण्यासाठी शब्द आखडून लिहीत. 'पी' अक्षराच्या खालच्या दांडीवर आडवी रेघ असली की 'पेर', त्याच दांडीला डावीकडे वळसा असला की 'प्रो', आणि डोक्यावर रेघ असली की 'प्रे' असे वाचायचे. ही चिन्हे उलगडणारा, त्या मजकुरातील कायदा किंवा धर्मशास्त्र जाणणारा आणि पानावरच्या चित्राचा काळ सांगणारा हे तिघे एकाच विभागात क्वचितच भेटतात.

हे कौशल्य प्रथम जपले ते मुख्यतः दप्तरखान्यांनी आणि ग्रंथालयांनी. जर्मन इतिहासाच्या साधनांच्या प्रकाशनासाठी 1819 मध्ये सुरू झालेल्या 'मोन्युमेंटा जर्मानिए हिस्टोरिका' या प्रकल्पाची धुरा अनेक दशके वाहणारा गेओर्ग हाइनरिश पेर्ट्झ हा आधी हानोफरचा अभिलेखपाल, म्हणजे दप्तरखान्याचा अधिकारी, आणि पुढे बर्लिनच्या राजग्रंथालयाचा प्रमुख होता. पॅरिसमध्ये 1821 साली स्थापन झालेली 'एकोल दे शार्त' तर अभिलेखपाल घडवण्यासाठीच होती.

अमेरिकेत 1925 मध्ये 'मीडिव्हल अकॅडमी' ही मध्ययुगाच्या अभ्यासकांची संस्था उभी राहिली, तेव्हा तिच्या अग्रणींत हार्वर्डचे लॅटिनचे प्राध्यापक ई. के. रँड आणि तिथलेच इतिहासकार चार्ल्स होमर हॅस्किन्स होते, म्हणजे दोन विभाग सुरुवातीपासूनच एका मेजावर होते. फ्रेंच तत्त्वज्ञ एत्येन जिल्सों यांच्या पुढाकाराने कॅनडातील टोरोंटोत 1929 साली सुरू झालेल्या मध्ययुगीन अभ्यासाच्या संस्थेने, जिला 1939 मध्ये पोपची सनद मिळाली, वेगळी वाट धरली : स्वतःचे अध्यापक, स्वतःचे ग्रंथालय. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाची अशीच संस्था 1946 ची. असा स्वतंत्र संसार सर्वांना परवडणारा नव्हता, आणि पुढे अनेक विद्यापीठांनी उसन्या अध्यापकांचाच मार्ग पत्करला.

त्याचा भार तरुण अध्यापकावर पडतो. केंद्रातील प्रबंधांचे मार्गदर्शन तो करतो, पण बढतीच्या वेळी मूळ विभाग ते काम कितपत मोजेल याची शाश्वती नसते. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

कर्मचाऱ्यांकडे मात्र पाहुणा म्हणून पाहता येत नाही. लॅटिनचा तास इतिहासाच्या चर्चासत्रावर आदळू नये म्हणून चार विभागांची वेळापत्रके जुळवतो तो समन्वयक. हस्तलिखितांचा ग्रंथपाल मऊ आधारावर पोथी उघडून विद्यार्थ्यांना 'पेर' आणि 'प्रो' यांतला फरक प्रत्यक्ष दाखवतो, आणि तरीही त्याचे नाव बहुधा 'कर्मचारी' या शीर्षकाखालीच छापले जाते. पेर्ट्झचेही तिथेच छापले गेले असते.