आतड्याला रक्त कमी पडतं तेव्हा: दोन आजार, सीटीची दोन कामं

‘आतड्याचा रक्तपुरवठा कमी झालाय’ असं डॉक्टर सांगतात, तेव्हा त्यामागे दोन अगदी वेगळे आजार असू शकतात. दोन्हींत पोट दुखतं, दोन्ही उतारवयात जास्त दिसतात आणि दोन्हींत सीटी स्कॅन सांगितला जातो. पण एकात काही तासांत आतडं मरतं, तर दुसरा बहुतेक वेळा सलाइन आणि पोटाला विश्रांती एवढ्यावर बरा होतो.

पहिला ॲक्यूट मेसेंटेरिक इस्केमिया, म्हणजे आतड्याचा रक्तपुरवठा अचानक तुटणं. जवळजवळ सगळं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याची उजवी बाजू सुपीरिअर मेसेंटेरिक धमनीवर जगते. महाधमनीतून ती तिरकी खाली उतरते, म्हणून हृदयातून सुटलेली गुठळी तिच्यात सहज शिरते. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) असलेल्या, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी बंद केलेल्या माणसाच्या पोटात अचानक कळ उठली, तर हा आजार आधी आठवायला हवा. रुग्ण तळमळत असतो, पण पोट दाबून पाहिलं तर मऊ लागतं. नेमकं या मऊ पोटामुळेच ‘गॅस असेल’ म्हणून रात्र वाया जाते.

इथे सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, हीच मुख्य तपासणी. शिरेतून कॉन्ट्रास्ट (फोटोत रक्तवाहिन्या उजळवणारं औषध) देऊन आधी धमन्यांचे आणि साधारण मिनिटभरानंतर शिरांचे फोटो घेतात. पहिल्या टप्प्यात धमनीतली गुठळी दिसते. दुसऱ्यात शिरांमधली गुठळी आणि आतड्याची भिंत कॉन्ट्रास्ट घेते की नाही, हे कळतं. भिंत जाड म्हणजे आजार गंभीर, असा समज असतो. खरं तर शीर अडली की भिंत सुजून जाड होते, आणि धमनी पूर्ण बंद झाली की भिंत पातळ राहू शकते, फक्त उजळत नाही. ती न उजळणारी पातळ भिंत अधिक भीतीदायक. भिंतीत किंवा यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत हवा दिसली, तर बहुधा उशीर झालेला असतो.

कॉन्ट्रास्टशिवाय काढलेल्या सीटीत हे सगळं निसटू शकतं. पिण्याचा कॉन्ट्रास्टही नको. त्यात वेळ जातो आणि भिंत नीट दिसत नाही. कॉन्ट्रास्टमुळे वाटणारी किडनीची काळजी मला समजते, पण संशय दाट असेल तर क्रिएटिनिनच्या (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टसाठी सीटी अडवून धरू नये. सुरुवातीला रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक) नॉर्मल आलं म्हणूनही निर्धास्त होता येत नाही.

दुसरा इस्केमिक कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा आजार. यात मोठी धमनी सहसा उघडीच असते. रक्तदाब उतरल्यामुळे किंवा शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळे प्रवाह मंदावतो. मोठ्या आतड्याचं प्लीहेजवळचं वळण दोन धमन्यांच्या हद्दीवर आहे, पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतासारखं. पाणी कमी झालं की आधी तेच सुकतं. डाव्या बाजूला मुरडा येतो आणि साधारण दिवसभरात रक्तमिश्रित शौच होते.

या आजारात सीटीचं काम वेगळं. आतड्याच्या एका भागाची सुजलेली भिंत आणि भोवतालच्या चरबीतली धूसरता त्यात दिसते, पण संसर्गामुळेही तसंच चित्र दिसू शकतं. सीटी आजाराची जागा आणि व्याप्ती सांगते, आतडं फुटलेलं नाही ना हे पाहते. पक्कं निदान कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहण्यात) होतं, तीही पोटात आतडं मेल्याची लक्षणं नसतील तरच.

गोंधळ होतो तो सूज फक्त उजव्या बाजूला असते तेव्हा. रिपोर्टवर ‘कोलायटिस’ लिहिलेलं असतं, पण ती बाजू सुपीरिअर मेसेंटेरिक धमनीचीच, त्यामुळे लहान आतड्यावरही संकट असू शकतं. आधीच्या सीटीत धमनीचा टप्पा घेतलेला नसेल, तर अशा रुग्णाची सीटी अँजिओग्राफी लगेच करून ती धमनी उघडी आहे का, हे आधी पाहावं लागतं.